मान आखडली: कायरोप्रॅक्टर की फिजिओथेरपिस्ट?

मावसबहीण दिवसभर लॅपटॉपवर. परवा म्हणाली, "दादा, कायरोप्रॅक्टरकडून, म्हणजे सांध्यांना हाताने झटका देऊन उपचार करणाऱ्याकडून, मान कडकन मोडून घेऊ की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेऊ?" रील्समधला तो आवाज आधी बाजूला ठेव, असं मी तिला सांगितलं. तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा आवाज. हाड जागेवर बसल्याचा पुरावा नव्हे.

आराम: २०१२ साली अमेरिकेत २७२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर कायरोप्रॅक्टिक औषधांपेक्षा सरस ठरलं, घरचे व्यायाम २६ आठवड्यांनंतर. या दोघांत आपापसात मात्र लक्षणीय फरक नव्हता.

धोका: माझं मत इथे ठरतं. मानेला जोरदार झटका दिल्यावर क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. व्यायामाने सहसा फार तर स्नायू दुखतात.

खर्च आणि कष्ट: कायरोप्रॅक्टरकडे नुसतं पडून राहायचं, पण पैसे दर खेपेला. व्यायाम एकदा शिकलं की फुकट. रोज करावे मात्र लागतात.

भारतात फिजिओथेरपी २०२१च्या केंद्रीय कायद्याखाली येते. कायरोप्रॅक्टरची पदवी स्वतः तपासून घ्या.

हातात मुंग्या, अशक्तपणा, ताप किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल तर दोन्ही नको, आधी डॉक्टर. बैठ्या कामाची, पुन्हा पुन्हा उद्भवणारी मानदुखी असेल तर फिजिओथेरपी. नुकतीच आखडलेली, बाकी तब्येत ठणठणीत आणि प्रशिक्षित माणूस जवळ असेल, तर कायरोप्रॅक्टर चालेल. झटका न देता हलक्या हाताने करायला सांगा.