भोकांची रबर मॅट: आमिष कापायच्या कोपऱ्यापुरती घ्या, अख्ख्या डेकवर नको

हॉटेलच्या किचनमध्ये शेगडीसमोर भोकाभोकांची काळी रबर मॅट अंथरलेली असते ना, तीच मी गेल्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होताना, बोटीवर आणली. १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत बोट वर ओढून ठेवली आहे, म्हणून निवांत लिहितोय. गळाने मासे धरणाऱ्या लहान बोटवाल्यांना उपयोगी पडेल.

आमची बोट देवगडची, फायबरची. सुरमई, तांब, हेकरू या माशांच्या मागे असतो, आणि शनिवार-रविवारी पुण्या-कोल्हापूरकडचे हौशी पाहुणे गरवायला (गळाने मासे धरायला) येतात. आमिष तारली, बांगडा नाहीतर माकूल (स्क्विड).

खरी डोकेदुखी तारलीची. मासा अंगानेच तेलकट. बर्फातून काढून उन्हात राहिली की थोड्याच वेळात पोट फुटतं आणि ते तेल डेकवर उतरतं. समुद्राच्या पाण्याची बालदी मारली की रक्त वाहून जातं, तेल जात नाही. उलट पातळ थर होऊन आणखी लांब पसरतं. डोळ्याला काही दिसत नाही, पाय ठेवला की समजतं. आमिष कापणाऱ्याच्या हातात सुरी असते, शेजारी गळ उघडे पडलेले असतात आणि बोट लाटेवर आडवी झालेली असते. अशा वेळी पाय सरकला तर हात कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. सपाट झालेली रबरी चप्पल तर अशा डेकवर सगळ्यात वाईट, त्यापेक्षा अनवाणी पाय बरा.

पूर्वी आम्ही ओली गोणी टाकायचो. सुरुवातीला पाय चांगला धरते, पण रक्त-तेल पिऊन जड झाली की स्वतःच सरकायला लागते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जवळ बसवत नाही. रंगात वाळू मिसळून डेक खरखरीत करून घेणारेही आहेत. त्याने पाय धरतो यात शंका नाही. मात्र वाळूच्या खाचांत माशाचा चिकटा बसतो आणि तो काढताना ब्रश झिजतो, आणि गुडघे टेकून काम करणाऱ्याची कातडी सोलून निघते.

मॅट मी कोल्हापुरात हॉटेलचं सामान विकणाऱ्या दुकानातून घेतली. ३ बाय ५ फूट, अर्धा इंच जाड. दोन प्रकार होते. साध्या रबराची दीड हजाराला होती, नायट्राइल रबराची अडीच हजारांना. मी महागडी घेतली आणि दुकानदाराने ती घ्यायला लावली म्हणून त्याचे आभार. साधं रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं, कडा वर वळतात. आणि मॅटची वर वळलेली कड म्हणजे ठेच लागायची हमखास जागा. नायट्राइलला माशाचं तेल, पेट्रोल, डिझेल फारसं बाधत नाही. एक हंगाम वापरून आमची मॅट अजून सपाट आहे, फक्त एका कोपऱ्यात सुरीचे वार आहेत.

घेताना मॅट उलटी करून बघा. खालून बारीक पाय असलेलीच घ्या, म्हणजे भोकांतून पडलेलं पाणी डेकवरून बोटीच्या बाजूच्या भोकांकडे निघून जातं. खालून सपाट असलेली मॅट पाणी धरून ठेवते आणि तिच्याखाली घाण कुजते. चारही कडा उतरत्या हव्यात. पांढऱ्या कापडाने घासून बघा. काळं उतरलं तर ते डेकलाही लागणार आणि पायालाही.

वापरायला लागल्यावर सगळ्यात मोठा फरक पडला तो असा की आमिषाची जागा पक्की झाली. पूर्वी ज्याला जिथे बसावंसं वाटे तिथे तो तारली कापायचा. आता मॅटवर एक क्रेट, त्यावर फळी, बाजूला झाकणाची बालदी. डोकी-आतडी थेट बालदीत. खाली सांडलं तरी ते भोकांतून निघून जातं आणि पाय कोरड्या रबरावर राहतो. पाहुण्यांपैकी आमिष लावायला कोणी पुढे आला की त्यालाही मॅटवरच बसवतो.

आता धोक्याचं सांगतो, कारण विकणारा हे सांगत नाही. किचनमध्ये गळ नसतात. बोटीवर हातातून सुटलेला गळ मॅटच्या भोकात पडतो, दांडा खाली अडकतो आणि टोक वर राहतं. काळ्या भोकात काळपट गळ, वरून अजिबात दिसत नाही. म्हणून आम्ही काम उरकलं की मॅटवर कोणाला चालू देत नाही. आधी दोघांनी दोन टोकं धरून ती उचलायची, झटकायची, खाली काय पडलंय ते बघायचं. दोरीला बांधलेला लोहचुंबक फिरवला तर साधे लोखंडी गळ पटकन सापडतात, मात्र काही स्टेनलेसचे गळ चुंबकाला दाद देत नाहीत, त्यामुळे नजर हवीच.

दुसरं त्याहून गंभीर. गळांची लांब दोर सोडताना मॅट त्या वाटेत असता कामा नये. दोर वेगाने जाते, एखादा गळ भोकात अडकला तर मॅटच ओढली जाते, मग तिच्यावर उभा असलेला माणूस. आमचे तांडेलकाका (बोट चालवणारे प्रमुख) दर वेळी ओरडतात, "आधी मॅट उचल, मगे दोर सोड!" म्हणूनच वर म्हटलं की अख्ख्या डेकवर पसरू नका.

उन्हाचंही बघा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी हे काळं रबर इतकं तापतं की अनवाणी पाय ठेवता येत नाही. अधूनमधून बालदीभर पाणी मारावं लागतं.

धुण्याची पद्धत आमची अशी बसली आहे. पहिलं पाणी समुद्राचंच, आणि ते परतीच्या वाटेवरच. रक्त आणि चिकटा वाळू द्यायचा नाही, उन्हात वाळला की खरवडूनच काढावा लागतो. गरम पाणी रक्तावर कधीच मारू नका, ते जागेवर घट्ट बसतं. माकुलाची शाई पडली तर हातातलं काम ठेवून आधी ती धुवा, पांढऱ्या फायबरवर डाग धरतो. धक्क्याला लागल्यावर तेलासाठी भांडी घासायचं लिक्विड. अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणाच्या वडीला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, नुसता चिकट साका होतो. लिक्विड मात्र खाऱ्या पाण्यातही काम करतं. काथ्याच्या ब्रशने मॅट दोन्ही बाजूंनी घासायची, आणि मॅटखालचा डेकही तितकाच नीट. खाली तेल राहिलं तर दुसऱ्या दिवशी मॅट माणसासकट सरकते. मग गोडं पाणी मारून काठावर टांगून ठेवायची.

ओली मॅट साधारण दहा किलोच्या वर भरते. एकट्याने हलत्या बोटीत उचलणं कठीण आहे, त्यामुळे एकटे जाणाऱ्यांनी एवढी मोठी घेऊ नये, मधून कापून दोन तुकडे करावेत.

तारली आधी मीठ लावून ठेवली तर मॅटचं कामही कमी होतं. मिठाने पाणी सुटून मांस घट्ट होतं, पोट लवकर फुटत नाही, आणि गळावरही जास्त वेळ टिकते. माकूल तर अर्धवट गोठलेलाच कापावा, तुकडे सरळ पडतात.

नवीन हंगामाला मी अजून एक नायट्राइलची मॅट घेणार आहे, २ बाय ३ फुटांची मिळाली तर. इंजिनात तेल भरताना उभं राहायला तेवढी पुरते, आणि ती एका हाताने उचलता येईल.