भोसरी एमआयडीसीतलं टर्बोचं वर्कशॉप: आधी ऑइलचा रस्ता बघतात, मग टर्बो बसवतात

पाच स्टार देतेय. का ते सविस्तर लिहिते, कारण नवा टर्बो टाकूनही ज्यांची गाडी धूर मारतेय त्यांच्या हे कामी येईल.

आमच्या पिकअप नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरतात आणि आळेफाट्यावरून माळशेज उतरून कल्याणला जातात. गाडी भाऊजी चालवतात, हिशेब आणि गाड्यांची कामं मी बघते. ऐन सीझनमध्ये एका गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा, गेला. एका गॅरेजमधून नवा टाकून घेतला, तर थोड्याच दिवसांत तोही शिट्टी मारायला लागला. मागून निळा धूर, डिपस्टिकवर ऑइल खाली, आणि परत येताना नुसते रिकामे क्रेट असूनही गाडी माळशेज चढेना. गॅरेजवाले म्हणाले, पार्टच खराब आला. पार्ट विकणाऱ्याने सांगितलं, ऑइल न मिळाल्यामुळे गेलाय, वॉरंटीत बसत नाही. दोघंही हात वर करून मोकळे.

मग पाहुण्यांकडून या वर्कशॉपचं कळलं आणि गाडी भोसरीला आणली. मला वाटलं होतं, नव्या टर्बोचा भाव सांगतील. मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, पहिला कशाने गेला होता? तो कुठंय?" नशिबाने जुना टर्बो गाडीतच होता. त्यांनी दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले आणि मला बोलावून दाखवलं. दोन्हींच्या शाफ्टवर बेअरिंगच्या जागी निळा-काळा रंग चढला होता. घाण ऑइलने शाफ्टवर ओरखडे पडतात, ऑइल कमी पडलं की तो तापून असा निळा होतो, हे त्यांनी तिथं शिकवलं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाच्या वर फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर तुटला की काही सेकंदांत धातूला धातू घासतो. दोन्ही टर्बो एकाच कारणाने गेले, म्हणजे दोष टर्बोत नव्हता, गाडीत होता.

ऑइल घेऊन येणारा बारीक पाइप आधीच्या गॅरेजने जुनाच बसवला होता. मिस्त्रींनी तो लांबीत कापून उघडला. आतून जळालेल्या ऑइलचा कोळसा इतका धरला होता की जेमतेम टाचणी जाईल एवढी वाट उरली होती. तो पाइप ज्याने जोडतात त्या पोकळ बँजो बोल्टची भोकंही तशीच. आमच्याकडे ठिबकच्या नळ्या क्षाराने बंद होतात आणि शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, अगदी तीच गत. पंप चालू, टाकी भरलेली, तरी झाड वाळतं.

इथेच थांबले असते तरी मी समाधानी असते. पण ते परतीच्या पाइपकडे वळले. टर्बोत ऑइल प्रेशरने येतं, पण तिथून इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये परत जाताना त्यामागे प्रेशर नसतं, ते नुसत्या उताराने जातं आणि फेसाळलेलं असतं. म्हणून परतीचा पाइप जाड असतो आणि त्याला कुठेही वाकण किंवा अडथळा चालत नाही. आमच्या गाडीत त्या जोडावर गॅसकेट असताना वरून सिलिकॉन पेस्ट थापली होती. ती दाबली जाऊन आत उतरली होती आणि तिने अर्धं भोक झाकलं होतं. परतीची वाट तुंबली की ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं, आणि माणूस सीलला दोष देत बसतो. हे काम ज्याने केलं त्याचा मला मनापासून राग आला. साध्या गॅसकेटने भागत होतं.

नंतर ऑइल स्विचच्या जागी मीटर लावून इंजिनचं प्रेशर मोजलं, ते बरोबर होतं. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढून धूर जोरात येतो का पाहिलं, इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर साफ केला. चेंबरमध्ये हवेचा दाब वाढला तरी परतीचं ऑइल अडतं. टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर उतरवून त्यात साचलेलं ऑइल काढलं आणि तो धुतला. हे राहिलं तर नवा टर्बो चांगला असूनही गाडी धूर मारत राहते. शिवाय साचलेलं ऑइल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल गाडी त्याच ऑइलवर भरमसाट पळते आणि चावी काढूनही बंद होत नाही. हे ऐकून भाऊजी गप्पच झाले. तशा अवस्थेत ते घाटातून गाडी आणत होते.

बसवतानाची पद्धत तर प्रत्येक गाडीवाल्याने उभं राहून बघावी. इंजिन ऑइल आणि फिल्टर नवा, पाइप, बँजो बोल्ट, तांब्याचे वॉशर सगळं नवीन. टर्बोच्या भोकात हाताने ऑइल ओतून शाफ्ट बोटाने फिरवला. इंजेक्टरचे कनेक्टर काढून थांबत थांबत सेल्फ मारला, पाइपच्या तोंडाला स्वच्छ ऑइल आलं तेव्हाच तो जोडला. गाडी चालू केल्यावर परतीचा पाइप क्षणभर बाटलीत सोडून सलग धार पडतेय हे मला दाखवलं. मग बराच वेळ नुसती आयडलवर, कोणाला रेस देऊ दिली नाही.

टर्बोच्या किमतीपुढे पाइप-बोल्ट-वॉशरचा खर्च किरकोळ होता. तपासणीची मजुरी वेगळी लावतात, ती मला योग्यच वाटली. गाडी मात्र मुक्कामाला ठेवावी लागते, आणि दुपारी फोन उचलत नाहीत. सीझनमध्ये घाईत असाल तर हे आधी धरून चाला. भाऊजींना त्यांनी एकच ताकीद दिली: घाट चढून आल्यावर लगेच चावी काढायची नाही, दोनेक मिनिटं आयडलवर ठेवायची, नाहीतर तापलेल्या टर्बोत उभं राहिलेलं ऑइल जळून पुन्हा कोळसा धरतो. गाडी तेव्हापासून कल्याणच्या खेपा करतेय, डिपस्टिकवरचं ऑइल जागचं हललेलं नाही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी जाऊ नका. आणि जाताना जुना टर्बो, जुना पाइप, निघालेले वॉशर जे काही असेल ते सोबत न्या, भंगारात देऊ नका. मिस्त्री आधी तेच मागतात.