कलम १६४ की १६६?

कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ कारनं उडवलं आणि दाजींच्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड, हातात काठी. दाजी गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवणारे; दिवसभर रस उकळायच्या काहिलीपुढं उभं राहायचं काम. म्हणून भरपाई मागायच्या दोन्ही वाटा आम्ही नीट समजून घेतल्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं यातच येतं. रक्कम ठरलेली, वर एक रुपया नाही.

कलम १६६ ला समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. एफआयआर, पंचनामा, साक्षीदार, मग कसबा बावड्याच्या कोर्टात तारखा. पण इथं दवाखान्याचं बिल, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, सोसलेल्या वेदना, सगळं धरलं जातं. अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे.

कळकळीनं सांगतो, विमा कंपनीनं देऊ केलेली १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो. खाटेवर पडल्या पडल्या सही करू नका, आधी वकिलाला कागद दाखवा. साक्षीदारच नसेल आणि हाड नीट जुळणार असेल, तर १६४ बरं. दाजींचा पाय मात्र अजून वाकत नाही. आम्ही १६६ धरलं.