दहा महिने, पाच वह्या, एक रंगांचा डबा: रोज रस्त्यावर बसून चित्रं काढल्यानंतर

दसऱ्याला पाटीपूजनात नवा रंगांचा डबा, पेन आणि वही ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक चित्र काढायचा नेम धरला. चित्र जागेवर बसूनच काढायचं, फोटो बघून नाही. सिअ‍ॅटलच्या गॅब्रिएल कम्पनारिओ यांनी २००७ साली अर्बन स्केचर्स हा रस्त्यावर बसून चित्रं काढणाऱ्यांचा गट सुरू केला, तेव्हापासून जगभरचे लोक हाच नियम पाळतात, आणि सामानाची खरी परीक्षाही त्यातच होते. घरी टेबलावर कुठलाही रंग चांगलाच वागतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात भर गर्दीत, मांडीवर वही आणि कानाशी हॉर्न असताना कोण किती पाण्यात ते कळतं.

आता ऑगस्ट आहे. आजारपणात आणि लग्नसराईत काही दिवस बुडाले, तरी अडीचशेच्या वर चित्रं झाली. त्यातले नऊ दिवस उझबेकिस्तानातले, बाकीचे सगळे छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद, पैठण इथले. सामान असं होतं: जलरंगांच्या बारा हाफ-पॅनचा (छोट्या वड्यांचा) पत्र्याचा डबा, टोक वर वळवलेल्या निबचा फाउंटन पेन, काळी कार्बन शाई, दांड्यात पाणी भरायचा वॉटरब्रश, ए-५ आकाराच्या आडव्या वह्या आणि तीन पायांचं घडीचं स्टूल.

आधी कागदाबद्दल सांगते, कारण तिथंच मी चुकले. रंगांवर भरपूर पैसे घातले आणि वह्या साडेतीनशे रुपयांच्या आणल्या, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या), लाकडाच्या लगद्याच्या. थंडीत त्यांनी निभावून नेलं. फेब्रुवारी संपता संपता मी भडकल दरवाज्याची कमान रंगवत होते. मलिक अंबरानं १६१२ साली बांधलेला हा दरवाजा मला शहरात सगळ्यात जास्त आवडतो. कमानीच्या आतली सावली एका दमात वरून खाली ओढायची होती. निम्म्यापर्यंत आले तोवर वरचा रंग वाळून त्याची कडा बसली होती. ती मऊ करायला पुन्हा ब्रश फिरवला, तर कागदाची साल निघाली आणि बारीक गोळ्या झाल्या. सावलीच्या जागी खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं. तसं एकदा नाही, त्या आठवड्यात चार वेळा झालं. मला वाटत होतं माझाच हात बिघडला.

तिसरी वही शंभर टक्के कॉटनची घेतली, ३०० जीएसएम, नऊशे रुपयांची. पुन्हा त्याच फुटपाथवर, त्याच उन्हात बसले. सुती धागा पाणी आत धरून ठेवतो आणि वरची खळ रंगाला लगेच मुरू देत नाही. त्यामुळे रंग हलवायला हातात वेळ राहतो. तीच सावली एका दमात खाली आली. आपल्याकडची हवा कोरडी आहे, मार्चपासून तर पाणी कागदावर ठरतच नाही. मुंबई-कोकणात साध्या कागदावर जे साधतं ते मराठवाड्यात साधेलच असं नाही, हे माझं आता पक्कं मत झालंय. ज्यांचं बजेट दोन हजारांचं आहे त्यांनी त्यातले निम्मे तरी कागदावर घालावेत आणि रंग सहाच घ्यावेत.

मे महिन्यात मात्र कॉटनही पुरत नाही. पारा बेचाळीसला गेला की मी सकाळी साडेसहाला निघायचे आणि आठला घरी. सिटी चौक, शहागंजचं घड्याळ, औरंगपुरा, सगळं त्याच वेळात काढलं. त्या वेळी दुकानांची शटर बंद असतात आणि पाट्यांच्या वरचे जुने सज्जे, लाकडी महिरपी दिसतात. एरवी तिकडे नजरच जात नाही.

गुलमंडीत सुपारी मारुतीच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून दुकानाची उंची मोजत होते, तर शेजारच्या हॉटेलातून एक आजोबा उठून आले. म्हणाले, ‘‘ताई, कशाची मोजणी करायलात? पुन्हा रुंदीकरण निघालं का?’’ मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पानावर बोट न टेकवता, वरून वरूनच खिडक्या मोजल्या आणि म्हणाले, ‘‘इथं एक खिडकी होती अजून. मागच्या वेळी पाडली.’’ मग चहा मागवला. ती खिडकी मी त्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं काढून ठेवली आहे, त्यांनी सांगितली तशी, वर अर्धगोल आणि खाली लोखंडी गज. जुन्या शहराच्या बावन्न दरवाज्यांतले मोजकेच राहिले, तसं घराघरातूनही काय काय जातंय.

पेनबद्दल मनापासून चांगलं सांगता येईल. वळवलेली निब उभी धरली की केसासारखी रेघ येते, आडवी केली की जाड पट्टा. दौलताबादच्या तटबंदीचे दगड मी याच पट्ट्यानं काढले, ब्रश लागलाच नाही. कार्बन शाई वाळली की तिच्यावर कितीही पाणी फिरवा, हलत नाही. पण तिचे दोन त्रास आहेत. कॉटनच्या कागदावर ती वाळायला वेळ घेते, घाईनं रंग लावला की काळं पसरतं. आणि पेन चार-पाच दिवस पडून राहिला की निबमध्ये शाई जमून बसते. लग्नाच्या धावपळीत आठवडाभर हात लावला नव्हता, तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून रात्रभर ठेवावा लागला. रोज काढणाऱ्यांनी ही शाई जरूर घ्यावी. रविवारीच काढणार असाल तर पेनात भरून ठेवायच्या भरीस पडू नका, साधा वॉटरप्रूफ फाइनलाइनर घ्या.

वॉटरब्रश मला मानवला नाही. उन्हात दांडा तापला की पाणी आपोआप ठिबकतं आणि पाहिजे तेव्हा ब्रश कोरडा करता येत नाही. डिसेंबरातच बाजूला ठेवला. आठ नंबरचा सिंथेटिक गोल ब्रश आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली यांवर सगळं चाललंय.

डब्याचं झाकण मिश्रणाला छान आहे, पण ओलाच बंद केल्यानं बिजागरीला गंज धरला. हे माझ्या हलगर्जीपणानं झालं. पण एप्रिलच्या सुरुवातीला जे झालं ते मात्र सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. डबा स्कूटीच्या डिकीत दोन तास राहिला. ज्या रंगांत मध घातलेला असतो ते उन्हानं पातळ होतात. उघडून बघते तर पिवळा शेजारच्या लालमध्ये उतरलेला, दोन्ही पॅन वाया. मध असलेले रंग ब्रशला पटकन लागतात, थंडीत फार सुखाचे असतात. आपल्या उन्हाळ्यात मात्र डबा पर्समध्येच ठेवावा, गाडीत नाही.

कुठले रंग संपले ते बघण्यासारखं आहे. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मार्चमध्येच पांढऱ्या तळाला लागले होते. अल्ट्रामरीन निम्मा. आपला काळा पाषाण काळ्या रंगानं रंगवला की मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो राखी येतो, त्यात निळा जरा जास्त ठेवला तर सकाळची सावली, सिएना जास्त ठेवला तर संध्याकाळचं ऊन लागलेला दगड. रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकट मिळतो. थॅलो ब्ल्यू या झगझगीत हिरवट निळ्याला मात्र सहा महिन्यांत हात लागला नव्हता, काढूनच टाकणार होते.

एप्रिलअखेर समरकंदला गेले आणि तो पॅन पाच दिवसांत संपला.

दिल्लीहून ताश्कंद, तिथून आफ्रोसियाब या वेगवान रेल्वेनं सव्वादोन तास. दुसऱ्या दिवशी सकाळी रेगिस्तानच्या चौकात स्टूल टाकलं. तीन बाजूंना तीन मदरसे, उलुगबेगचा पंधराव्या शतकातला, शेर-दोर आणि तिल्या-कारी सतराव्या शतकातले. सगळीकडे निळी चकाकणारी टाइल. आधी मी नुसतं बघत बसले. मग कमान काढायला घेतली आणि लक्षात आलं, की हात चालतोय. मधली उभी रेघ, टोक, मग दोन्ही खांदे एकाच वेळी खाली आणायचे. भडकल आणि दिल्ली दरवाज्यापुढे चाळीसेक वेळा हीच कमान काढली होती. शेर-दोरचं काम १६१९ ला सुरू झालं, भडकलनंतर अवघ्या सात वर्षांनी. नकाशावर दोन्ही गावं किती लांब, आणि हाताला ती शेजारची वाटली. त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच नाही.

प्रवासात पेननं त्रास दिला नाही. विमानात पेन काठोकाठ भरून निब वर करून ठेवला, शाईची बाटली छोटी घेतली. अर्धा भरलेला पेन आडवा ठेवला तर आतली हवा फुगून शाई बाहेर ढकलते, हे आधी एकदा भोगलं होतं. स्टूलसुद्धा उपयोगी पडलं, फक्त बॅग तपासताना प्रत्येक ठिकाणी उघडून दाखवावं लागलं.

बीबी-खानम मशिदीला लागून सियाब बाजार आहे. तिथं एक बाई मधोमध नक्षीचा शिक्का मारलेल्या गोल रोट्या विकत होत्या, मला आपल्याकडच्या नान-खलियातली नान आठवली. त्यांचं चित्र काढून दाखवलं तर त्यांनी वही हातात घेऊन मागची पानं चाळली. मकबऱ्याच्या पानावर थांबल्या, घुमटावर बोट ठेवलं आणि मागच्या मशिदीकडे हात करून विचारलं, ‘‘बीबी-खानम?’’ मी मान हलवून ‘‘बीबी का मकबरा’’ म्हटलं. बीबी एवढा एकच शब्द दोघींना कळला. एक रोटी त्यांनी कागदात बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

शहराबाहेर कोनिगिल गावात कागद बनवतात. तुतीची साल उकळून, पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी मुसळांनी कुटून, शेवटी दगडानं घासून गुळगुळीत करतात. आपल्याकडे जालना-बीडकडे रेशमासाठी तुती लावतात, तिच्या सालीचा असा कागद होतो हे डोळ्यांनी बघितलं. सहा ताव आणले. या कागदावर कार्बन शाईची रेघ अशी उठते की बघत राहावं. पातळ रंग मात्र वरच्या वर घसरतो, त्यामुळे मोठे वॉश (पातळ रंगाचे सलग पट्टे) विसरायचे आणि बारीक ब्रशनं थोडं थोडं भरायचं.

परत आल्यावर मी कागजीपुऱ्याला गेले. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधलं हे गाव, वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं वेरूळला जाते पण उतरले कधी नव्हते. तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली त्या काळात कागदी कारागीर इथं आले, असं सांगतात. तिथला जो हातकागद मी आणला तो मऊ, धागेदार. पेनच्या निबमध्ये धागा अडकतो आणि शाई पसरते, पण पेन्सिल, कोळसा आणि जवळजवळ कोरडा ब्रश यांना तो कॉटनच्या वहीपेक्षाही चांगला. पैठणच्या गोदाकाठाची चार चित्रं मी त्यावर काढली आणि वर्षभरातली तीच मला सगळ्यात जवळची वाटतात.

पावसाळ्यात उलटा प्रकार. रंग वाळायला वीस-वीस मिनिटं लागतात, वही मिटता येत नाही. त्याला इलाज नाही, दोन चित्रं आलटून पालटून काढायची.

पुन्हा घ्यायचं झालं तर पेन, शाई आणि डबा तेच घेईन. वॉटरब्रश आणि साध्या वह्या घेणार नाही. थॅलो ब्ल्यूचा पॅन पुन्हा भरलाय. सहावी वही मीच शिवली आहे, कॉटनच्या पानांत अधूनमधून कागजीपुऱ्याचे आणि कोनिगिलचे ताव घालून. परवा आमच्या शहरातल्या पाणचक्कीच्या हौदाशी बसून तिचं पहिलं पान काढलं. ढगाळ हवा होती, अर्धा तास झाला तरी पाण्याचा निळा ओलाच, म्हणून वही उघडीच मांडीवर धरून रिक्षानं घरी आले.