जुन्या गाडीसाठी घेतलेला साधा मल्टिमीटर: आठ महिने वापरल्यानंतर

हा मीटर मी वैतागून घेतला. गाडी वीस वर्षांची. सकाळी थंड असताना झटक्यात सुरू व्हायची, पण तासभर चालवून बंद केली आणि दहा मिनिटांनी चावी फिरवली की नुसतं 'टक'. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मात्र हलायचा नाही. त्याआधी बॅटरी नवी टाकली होती, सेल्फ उघडून ब्रश बदलले होते. दोन्ही वेळा आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच.

मीटर आल्यावर आधी बॅटरीवर प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) टेकवले. १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग अर्थिंगच्या (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या) केबल कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर, तपासल्या, सगळीकडे बीप वाजला. या बीपवर विश्वास ठेवला आणि तीन आठवडे भलतीकडेच शोधत बसलो. बीप वाजायला केबलमधली एक तार शाबूत असली तरी पुरते. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते एका तारेतून कसे जाणार? केबल तपासायची तर तिच्यातून करंट वाहत असतानाच.

म्हणून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहताना वाटेतच किती व्होल्ट खर्च होतात ते, मोजायला घेतला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन पंपाचा रिले काढला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच), लाल प्रोब इंजिनच्या एका स्वच्छ बोल्टवर. बहिणीला चावी फिरवायला सांगितली. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसायला हवं. दिसले ३.८! सेल्फला मिळायचे त्यातले जवळजवळ चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते. लाल प्रोब बॉडीवर नेला तर ०.०५. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, गडबड बॉडी ते इंजिन या टप्प्यात.

तिथली अर्थ स्ट्रॅप वरून अगदी धड दिसत होती. लगजवळ (टोकाच्या, बोल्टने बसणाऱ्या कडीजवळ) जरा वाकवली आणि आवरणातून हिरवी पूड गळली. आत शाबूत तारा मोजक्याच उरल्या होत्या. नवी स्ट्रॅप बसवली, बोल्टाखालचा रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत केला, पुन्हा मोजलं: ०.१२. तो आकडा बघून जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. तेव्हापासून गरम गाडी एकदाही अडलेली नाही.

आता मीटरबद्दल. सगळ्यात उपयोगी पडलं ते सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणारं मिन-मॅक्स बटण. सेल्फ दोन-तीन सेकंदच फिरतो, तेवढ्यात आकडा डोळ्यांनी पकडता येत नाही. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरीकडेच बघावं. ऑटो रेंज (मीटरने मोजायची पट्टी आपोआप निवडणं) अशा वेळी चाचपडते, म्हणून रेंज हाताने लावतो. सोबत आलेल्या वायरी आखूड आणि ताठ आहेत, त्या मी पहिल्याच महिन्यात बदलल्या. चिमटे लावलेल्या लांब वायरी घ्याच, एकट्याने काम करता येतं. आणि लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिलेली असताना बॅटरीवर टेकवू नका, तो थेट शॉर्ट असतो. माझा आतला फ्यूज असाच गेला.

एका बाबतीत मात्र एकटा मीटर पुरला नाही. गेल्या महिन्यात चावी फिरवली तर टकसुद्धा नाही. सेल्फच्या सोलेनॉइडकडे (चावी फिरवल्यावर सेल्फचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचकडे) जाणारी बारीक वायर काढून चावी फिरवत मोजली, १२.३ व्होल्ट. सगळं ठीकच वाटावं असा आकडा. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे जळक्या कॉन्टॅक्टमधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याच वायरला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला तर तो जेमतेम लालसर झाला आणि मीटर ४ वर उतरला. इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले होते. स्विच बदलला, गाडी लगेच सुरू झाली. तो बल्ब आता दोन वायरी जोडून मीटरच्याच पाऊचमध्ये ठेवलाय.