निळा चाफिंच: जात एक की दोन?

अटलांटिक महासागरातल्या, स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांपैकी फक्त तेनेरिफे आणि ग्रान कनारिया या दोनच बेटांवर, तिथल्या पाइनच्या जंगलात, निळे चाफिंच हे छोटे पक्षी राहतात. कित्येक वर्षं दोन्हीकडचे पक्षी एकाच जातीच्या दोन उपजाती मानले जात.

एकच जात म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. झाडं तीच, जाड चोच तीच, नर निळा आणि मादी मळकट करडी-तपकिरी, हेही तेच. पण जवळून बघा. तेनेरिफेचा नर थोराड, निळा रंग गडद. ग्रान कनारियाचा चणीने लहान, रंग फिका, पंखावरचे पट्टे मात्र ठळक पांढरट. गाणंही वेगळं, जनुकंही. २०१५-१६ च्या सुमारास संशोधकांनी हे सगळं एकत्र मांडलं आणि दोन जाती मान्य होऊ लागल्या. मला हीच बाजू पटते.

शिवाय हा नुसता नावाचा वाद नाही. तेनेरिफेत हा पक्षी सहज दिसतो, तेव्हा एकत्र मोजलं की सगळं आलबेल वाटतं. ग्रान कनारियात तो मोजकाच उरलाय. त्यात २००७ च्या वणव्यात इनाग्वाचं जंगल, त्याचा मुख्य आसरा, होरपळलं.