फुकट आहे, पक्की आहे, पण घाई असेल तर जाऊ नका

सेवा: जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या संग्रहातून दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्याची माहिती
खर्च: काही नाही
माझे गुण: पाचपैकी चार

मेहकर तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, तेव्हा हा अभिप्राय अभ्यासकाचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे असं समजून वाचा.

आमचे आबाजी, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. त्या पलटणीला ‘काळी पाचवी’ म्हणत. 21 जून 1942 रोजी लिबियातलं तोब्रुक पडलं, तेव्हा आत अडकलेल्या अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये ही पलटण होती. तीसेक हजारांवर माणूस एका दिवसात कैद झाला. एवढं कोणत्याही युद्धाच्या पुस्तकात सापडतं. पुढची तीन वर्षं आपला माणूस नेमका कुठं होता, हे पुस्तकात नसतं. त्यासाठी जिनिव्हा.

1929 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे पकडणाऱ्या देशाने कैद्यांची माहिती कळवायची असे, आणि ती रेड क्रॉसच्या मध्यवर्ती कचेरीत जमा होई. ते कागद आजही तिथं आहेत. घरच्या माणसाने अर्ज केला तर ते आपल्यासाठी शोधून देतात, पैसा घेत नाहीत.

आता अडचण. अर्ज बारा महिने घेत नाहीत. वर्षातून काही वेळा खिडकी उघडते, ठरावीक अर्ज आले की बंद. तारीख त्यांच्या वेबसाइटवर आधी जाहीर होते. तूर खरेदीच्या नोंदणीला आपल्याकडे जशी झुंबड उडते तशीच गत, फरक इतकाच की रांगेत पुढं कोणाचा साडू आहे हे इथं चालत नाही. आधीच सगळं भरून ठेवा, खिडकी उघडली की लगेच टाका.

अर्जात काय विचारतात? पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पलटण, हुद्दा, सैनिक क्रमांक, कुठं आणि कधी पकडले, कैदी क्रमांक असला तर तो. जन्मतारखेची आपल्या भागात बोंबच. आबाजींची शाळेत नोंद नाही, मग डिस्चार्जच्या कागदावरचं वय धरून साल काढलं आणि ‘अंदाजे’ असं लिहिलं. चाललं. नावाचं मात्र जपा. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, आडनाव कधी असतं कधी नसतं. जेवढी स्पेलिंगं सुचतील तेवढी सगळी द्या.

आमचं नशीब म्हणजे आजीची पेटी. सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि बाबांच्या लग्नाची पत्रिका यांच्या खाली एक कार्ड निघालं. पिवळं पडलेलं, कडेला कसरीने खाल्लेलं. वर जर्मनमध्ये ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ छापलेलं, म्हणजे युद्धकैद्यांची डाक. मजकूर पेन्सिलीने मोडीवजा मराठीत, पाच-सहा ओळी: मी खुशाल आहे, बैलजोडी विकू नये, तुम्ही काळजी करू नये. मागल्या बाजूला सेन्सॉरचा शिक्का, आणि पाठवणाऱ्याच्या जागी कैदी क्रमांक. तो क्रमांक भिंगाने वाचला. अर्जातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच ठरली असं मला वाटतं, कारण आबाजींच्या नावाची माणसं त्या पलटणीत पुष्कळ असणार.

फॉर्म इंग्रजीत आहे. आमच्या गावच्या ई-सेवा केंद्रातला पोरगा पीक विम्याचे अर्ज डोळे मिटून भरतो, त्याने हाही भरला. कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन केलं. मध्येच लाईन गेली, पुन्हा बसलो. ‘भाऊ, हे अनुदान कायचं व्हय?’ एवढंच त्याने विचारलं.

वाट पाहायची तयारी ठेवा. अर्ज गेला तेव्हा तूर फुलावर होती, उत्तर आलं तेव्हा पेरण्या उरकून लोक डवरणीला लागले होते. या मधल्या काळात एक ‘लष्करी वंशावळ संशोधक’ फोनवर भेटले. हेच काम आम्ही पंधरा हजारांत करून देतो म्हणाले, अर्धे आधी. मी विचारलं, कागद कुठून काढता? तर म्हणे जिनिव्हाहून. मग मी बियाण्याचं गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. अशा लोकांपासून दूर राहा. जी गोष्ट घरच्या माणसाला फुकट मिळते तिची दलाली कशाला द्यायची?

उत्तर इंग्रजीत, छोटंसं. गोष्टीसारखं काही नाही. अमुक तारखेच्या इटालियन यादीप्रमाणे हा शिपाई तोब्रुकला पकडला गेला. इटलीत छावणी क्रमांक 91, आव्हेत्सानो. नंतर जर्मनांच्या ताब्यात. शेवटची नोंद फ्रान्समधल्या एपिनाल इथली. पुढं काही नाही. खाली सही, शिक्का.

बाबांना मी ते वाचून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा ते काहीच बोलले नाहीत. कारण आबाजी सांगायचे त्यातलं निम्मं आम्ही गप्पा म्हणून सोडून दिलेलं होतं. ‘बॉम्ब पडले आन् भिताड फुटलं, मंग आम्ही पयालो,’ असं ते म्हणत, आणि आम्ही पोरं हसायचो. एपिनाल हे नाव हाती आल्यावर बाकीचं शोधणं सोपं झालं. 11 मे 1944 ला अमेरिकन विमानांनी एपिनालवर बॉम्बफेक केली, ते बॉम्ब हिंदी कैद्यांच्या छावणीवरही पडले. बरेच कैदी मेले. भिंती पडल्या आणि उरलेले बाहेर पडले. त्यातले पाचशेच्या आसपास चालत चालत स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपलीकडे पोचले. जंगलातून, रात्री, भाषा येत नाही. वाटेतल्या फ्रेंच गावकऱ्यांनी त्यांना खाऊ घातलं, लपवलं. अशाच एका गावाचं, एतोबोंचं, नाव तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला जर्मनांनी त्या गावचे 39 पुरुष गोळ्या घालून मारले. कारण दुसरं होतं, भूमिगतांच्या कारवाया. पण आपल्या लोकांना घास देणाऱ्या गावाचं पुढं असं झालं, हे वाचून जेवण गेलं नाही.

आबाजी स्वित्झर्लंडला पोचले होते. आमच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी मापाबाहेरचा कोट, मागे तिथल्या स्टुडिओचा शिक्का. तो शिक्का इतकी वर्षं कोणी उलटून पाहिला नव्हता. आम्हाला आलेल्या उत्तरात स्वित्झर्लंडचा शब्दही नाही. एक गुण मी त्यासाठीच कापला. मूळ यादीची झेरॉक्स तरी जोडायची, आबाजींचं नाव ज्या ओळीत टाइप केलंय ती ओळ डोळ्यांनी पाहायला मिळाली असती.

तुपाचं सांगायचं राहिलं. कैदेत डब्यातलं तूप मिळायचं, असं आबाजी छातीठोक सांगत, आणि घरात त्यावरून त्यांची थट्टा चाले. जर्मनीच्या कैदेत कोण तूप देतं? तर दिलं होतं. लंडनला 1939 मध्ये इंडियन कम्फर्ट्स फंड नावाची संस्था निघाली होती. तिथल्या बाया हिंदी कैद्यांसाठी खास पार्सलं भरायच्या: आटा, डाळ, मसाला, आणि तूप. ती पार्सलं रेड क्रॉसमार्फतच छावण्यांत जात. हे मी सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘म्हंजे तुपाचं खरंच होतं म्हनाव.’ आजी असती तर तिला पहिलं सांगितलं असतं. थट्टेत सगळ्यात पुढं तीच असायची.

ज्यांचे आजोबा युरोपात किंवा आफ्रिकेत पकडले गेले, त्यांनी ही सेवा डोळे झाकून घ्यावी. जर्मनांनी केलेली कैद्यांची कार्डं ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 416 या क्रमांकाखाली आहेत, त्यांच्या कॅटलॉगमध्ये नाव टाकून आपल्या माणसाचं कार्ड आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागलेल्यांचं काम अवघड. हजारो हिंदी शिपाई, त्यातले किती आझाद हिंद सेनेत गेले, किती न्यू गिनीच्या बेटांवर हमालीला नेले. अर्ज जरूर करा, पण सोबत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टलही चाळा. आणि माणूस परतलाच नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आधी नाव शोधा. तिथं रांग नाही, खिडकी नाही.

पुढची खिडकी उघडेल तेव्हा शेजारच्या गावचे काकाजी त्यांच्या वडिलांसाठी अर्ज टाकणार आहेत. त्यांच्याकडे कार्ड नाही, क्रमांक नाही, नुसतं ‘मराठा पलटण’ एवढंच ठाऊक. त्यांना म्हटलं, काकाजी, आधी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, क्रमांक हाती येऊ द्या, मग जिनिव्हाचं पाहू. पत्राचा मसुदा माझ्या दुकानात तयार आहे, ज्याला हवा त्याने येऊन झेरॉक्स काढून न्यावी. रविवारी दुकान बंद असतं.